इस्राएलाचे अवज्ञाकारी राजे आणि ख्रिस्ती वाचक

राजांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा राजांच्याच अन्नावर वाढलेले असतात, आणि ज्याचें मीठ खावें त्याचें उणें कागदावर आणूं नये हा धर्म त्यांनीं बहुतेक सर्व देशांत पाळलेला दिसतो. मवाबाचा राजा मेशा ह्यानें कोरविलेली काळ्या पाषाणाची शिला १८६८ सालीं मृत समुद्राच्या पूर्वेस धीबान येथें सांपडली. ती आतां पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. इस्राएलाचा राजा अम्री ह्यानें मवाबास बहुत दिवस जाचलें, हें तींत लिहिलें आहे खरें. परंतु तें कशासाठीं? तर पुढें मेशाचा पराक्रम अधिक उजळून दिसावा म्हणून. अश्शूरच्या राजांनीं आपल्या वाड्यांच्या भिंतींवर जे लेख कोरविले, त्यांत तर राजा कोठें भ्याला किंवा चुकला असें शोधूनहि सांपडावयाचें नाहीं.

इब्री लोकांच्या शास्त्रांत ह्याच्या अगदीं उलट प्रकार आढळतो. शमुवेलाचीं दोन व राजांचीं दोन अशीं जीं चार पुस्तकें आपल्या जुन्या करारांत आहेत, त्यांस यहूदी लोक केवळ इतिहास न समजतां संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गणतात, आणि तें यथार्थ आहे. उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यांत सुमारें दोनशें वर्षांत १९ राजे झाले. त्यांपैकीं बहुतेक प्रत्येकाच्या नांवापुढें, तो देवाच्या दृष्टीनें वाईट वागला, असा एकच शेरा मारलेला आहे. जणूं एखाद्या कडक गुरुजींनीं सर्व वर्गाच्या प्रगतिपुस्तकांवर लाल शाईची एकच दौत रिती केली! यहूदाच्या सिंहासनावर बसलेल्यांची गतिहि फारशी निराळी नाहीं. ज्याच्या नांवाचा लोकांस सर्वांत अभिमान, त्या दाविदाचेंहि पाप झांकून ठेवलेलें नाहीं. राज्य गेलें, मंदिर जळालें, लोक बाबेलास धरून नेले. आणि त्यानंतर त्याच लोकांनीं आपल्याच राजांची ही लाजिरवाणी कहाणी पिढ्यान्‌पिढ्या हातानें उतरून जपली.

ही गोष्ट ख्रिस्ती वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी अशी आमची विनंती आहे. कारण आपल्यांत एक खोड आहे. हे अध्याय वाचतांना आपण सहज म्हणून जातों, ‘‘पाहा, ते यहूदी लोक किती ताठ मानेचे!’’ ज्यांनीं स्वतःचा दोष स्वतः लिहून ठेवला, त्यांच्याच लेखाचा दगड करून त्यांस मारावयाचा, हा कोठला न्याय? आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल बंधूंनीं ह्याच शास्त्रांतील कथा मराठी कीर्तनांतून गाइल्या आहेत. त्या कीर्तनांतले राजे त्यांच्या घरचे होते. आपण बाहेरून बोलावलेले श्रोते आहों. तेव्हां श्रोत्यानें मर्यादेनें बसावें हें बरें.

आतां राजानें पाळावयाची आज्ञा तरी कोणती होती? अनुवादाच्या १७ व्या अध्यायांत राजाविषयीं जे नियम आहेत, ते वाचून आम्हांस नेहमीं नवल वाटतें. राजानें पुष्कळ घोडे बाळगूं नयेत, पुष्कळ बायका करूं नयेत, सोन्यारुप्याची रास करूं नये. आणि गादीवर बसतांच नियमशास्त्राची एक प्रत लिहून घेऊन ती जन्मभर जवळ ठेवावी व नित्य वाचावी, ती अशासाठीं कीं आपण आपल्या भाऊबंदांहून थोर आहों असें त्यास वाटूं नये. राजाचा अधिकार वाढविणारे नियम जगांत पुष्कळ आहेत. राजाचें मन लहान ठेवणारा असा नियम आम्हांस दुसरीकडे फारसा आढळलेला नाहीं. आणि शलमोनानें काय केलें? शास्त्र त्याचे आंकडेच मांडतें: १,४०० रथ, १२,००० स्वार, ७०० राण्या, ३०० उपपत्नी, आणि एका वर्षांत ६६६ किक्कार सोनें. रथांवर किंवा सोन्यावर टीका एका अक्षराची नाहीं. ज्यानें अनुवाद वाचला असेल त्यास हे आंकडे पुरेत.

परंतु शलमोनाचें वैभव आमच्यापैकीं फारच थोड्यांच्या वांट्यास येणार असल्यामुळें त्याच्या मोहाविषयीं लांबलचक लिहिण्यांत अर्थ नाहीं. ज्याची कथा घरोघर लागू पडते, असा राजा शौल.

शौल दुष्ट म्हणून गादीवर आला नाहीं. तो देखणा, उंच व भिडस्त होता. निवडणुकीच्या वेळीं सामानाच्या आड जाऊन लपला होता. त्याची पहिली अवज्ञा तर अशी कीं ती वाचतांना त्याची कींव यावी. पलिष्ट्यांचें सैन्य मिखमाशास येऊन बसलें. शमुवेलानें सात दिवस वाट पाहावयास सांगितलें होतें. सातवा दिवस उजाडला, शमुवेल दिसेना, शिपाई एकेक करून पळूं लागले आणि शेवटीं सुमारें ६०० उरले. तेव्हां शौलानें स्वतःच होमबलि अर्पिला. अर्पण संपतें न संपतें तोंच शमुवेल येऊन उभा राहिला. वाचक म्हणतील, बिचाऱ्यानें काय करावें? आम्हांसहि तसेंच वाटतें. परंतु सात दिवस वाट पाहणें म्हणजे सहा दिवस व कांहीं घटका नव्हे. परीक्षेच्या तासाला शेवटचीं दहा मिनिटें उरलीं असतां शेजाऱ्याच्या कागदाकडे ज्याची मान वळते, त्या मुलासहि आरंभींचे दोन तास प्रामाणिकपणें लिहिल्याचें समाधान असतेंच. मनुष्याची परीक्षा पहिल्या दोन तासांत होत नाहीं.

दुसरी अवज्ञा १५ व्या अध्यायांत आहे, आणि आमच्या मतें सर्व जुन्या करारांत आज्ञाभंगाचें इतकें बारीक चित्र दुसरें नाहीं. अमालेक्यांवर स्वारी करावी व लूट मुळींच घेऊं नये, अशी आज्ञा होती. शौल स्वारीवर गेला, जिंकून आला; आणि जें टाकाऊ व कवडीमोल होतें त्याचा नाश करून, उत्तम गुरें, उत्तम मेंढरें आणि राजा अगाग एवढें राखून ठेवलें. वाटेंत कर्मेल येथें स्वतःचें स्मारकहि उभारलें. मग शमुवेल भेटतांच आपण होऊन पुढें येऊन म्हणतो कीं देवाची आज्ञा मीं पुरी केली! तो बोलत असतां मागें मेंढरें ओरडत आहेत. शमुवेल विचारतो, हा आवाज कसला? तेव्हां उत्तर तयार आहे: लोकांनीं राखलीं, आणि तींहि देवाच्या यज्ञासाठींच राखलीं.

ह्या एका उत्तरांत तीन पळवाटा आहेत त्या पाहाव्या. लूट राखली लोकांनीं. नाश केला तो मात्र आम्हीं. आणि राखण्याचा हेतु धार्मिक. शौल खोटें बोलत होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याला स्वतःला तें खरें वाटत असावें, आणि हीच ह्या कथेंतील भयंकर गोष्ट आहे. ज्यास आपण आज्ञा मोडली हें ठाऊक आहे तो केव्हां तरी परत फिरेल. पण ज्यानें मोडलेल्या आज्ञेवर यज्ञाचें पांघरूण घातलें, त्यानें परतीची वाटच बुजविली. शमुवेलानें त्यास सांगितलें कीं देवास बलिदानाहून आज्ञापालन अधिक प्रिय आहे. त्यावर शौलानें पाप कबूल केलें, पण लागलीच काय मागितलें? लोकांच्या वडिलांपुढें माझा मान राख, एवढें. क्षमेहून अब्रूची काळजी मोठी ठरली.

येथें आम्ही पालकवर्गास उद्देशून एक गोष्ट बोलणार आहों. ती कडू लागल्यास क्षमा असावी. आमच्या ख्रिस्ती घराण्यांनीं काय टाकलें व काय राखलें, ह्याचा हिशेब कोणी केला आहे काय? जें टाकण्यास सोपें होतें तें आमच्या वाडवडिलांनीं टाकलें, व कित्येकांनीं तर फार अवघड असें पुष्कळ टाकलें, त्यांस आमचें वंदन असो. परंतु आज मुलीचें लग्न ठरवावयाची वेळ आली म्हणजे, मुलगा मूळच्या कोणत्या जातींतला हा प्रश्न कित्येक घरांत हळू आवाजांत विचारला जातोच. उपासनामंदिरांत एकाच पेल्यांतून प्रभुभोजन घेणारीं दोन कुटुंबें सोयरीक जोडावयास बसलीं कीं त्यांस आपले पणजे आठवतात. कारण विचारावें तर, ‘‘आमचें तसें कांहीं नाहीं हो, पण लोक काय म्हणतील?’’ शौलाच्याहि तोंडीं लोकच होते. हुंड्याचीहि तीच कथा. तो ‘‘भेट’’ म्हणून घेतला जातो, आणि त्यांतला कांहीं भाग मंडळीच्या फंडांत पडला म्हणजे सर्व शुद्ध झालें असें मानणारेहि आहेत. त्या घरांतून जातांना मेंढरांचें ओरडणें आम्हांस तरी स्पष्ट ऐकूं येतें.

ह्याच अध्यायाची दुसरी बाजू झांकून पुढें जाणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. अमालेक्यांचा बायकामुलांसह नाश करावा ही आज्ञाच कशी समजावयाची, असा प्रश्न वर्गांत एखादा विद्यार्थी विचारतो तेव्हां त्यास ‘‘गप्प बैस, शास्त्राला प्रश्न विचारूं नये’’ असें सांगण्यांत येऊं नये. तो प्रश्न चांगल्या मनाचा आहे. ह्यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे, आणि सर्वांचें एकमत झालेलें नाहीं. आमच्यापुरतें एवढें निश्चित आहे कीं ज्या प्रभूनें शत्रूवर प्रीति करावयास सांगितलें, त्याच्या शिष्यास आज कोणत्याहि जातीस किंवा राष्ट्रास ‘अमालेकी’ म्हणून बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. तसें बोट ख्रिस्ती राष्ट्रांनीं पूर्वीं अनेकदां दाखविलें आहे, आणि त्याचे परिणाम इतिहासांत रक्तानें लिहिले गेले आहेत. ह्या कथेंत आपण शौलाच्या जागीं उभे आहों. शमुवेलाच्या जागीं नव्हे. मत्तयाच्या २१ व्या अध्यायांत प्रभूनें दोन पुत्रांचा जो दृष्टांत दिला, त्यांतला ‘‘जातों’’ म्हणून न गेलेला पुत्र शौलाचा सख्खा भाऊ शोभतो.

उज्जीयाची गोष्ट निराळी. तो १६ वर्षांचा असतां राजा झाला व त्यानें ५२ वर्षें राज्य केलें, आणि त्यांतला बहुतेक काळ उत्तम केलें. त्यानें यरुशलेमाचे बुरूज बांधले, रानांत हौद खोदविले, बाण व धोंडे फेंकणारीं यंत्रें तटावर चढविलीं. शास्त्र सांगतें कीं त्यास शेतीची आवड होती. द्राक्षमळ्यांची जातीनें काळजी घेणारा राजा आम्हांस तर फार आवडतो. परंतु बळ वाढलें तसें मन चढलें. मंदिरांत धूप जाळणें हें याजकांचें काम. तें स्वतः करावें असें त्याच्या मनानें घेतलें. अजऱ्या याजक व त्याच्याबरोबर ८० धीट याजक आडवे झाले. राजा धुपाटणें हातांत घेऊन संतापला, आणि तोंच त्याच्या कपाळावर कोड उठलें. मरेपर्यंत तो वेगळ्या घरांत राहिला व कारभार पुत्र योथाम पाहूं लागला.

जो मनुष्य दहा कामें उत्तम करतो, त्यास अकरावें कामहि आपलेंच वाटूं लागतें. मंडळीच्या पंचांत, शाळेच्या समितींत, घरांतहि हें दिसतें. हुशार मुलाच्या आईबापांनीं हा अध्याय अवश्य वाचावा. नापास होणाऱ्या मुलाची चिंता सर्वच करतात. पहिल्या नंबराच्या मुलाच्या मनाची चिंता कोण करतो?

उज्जीयाविषयीं एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १९३१ सालीं प्राध्यापक सुकेनिक ह्यांस यरुशलेमाजवळील जैतुनांच्या डोंगरावर एका रशियन मठाच्या संग्रहांत एक लहानशी कोरीव शिला आढळली. तिजवर अरामी भाषेंत अशा आशयाचा लेख आहे कीं, यहूदाचा राजा उज्जीया ह्याच्या अस्थि येथें आणल्या आहेत, उघडूं नये. अक्षरांच्या वळणावरून ती ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासची, म्हणजे राजा मेल्यावर कित्येक शतकांनीं कोरलेली ठरते. तो कोडी म्हणून त्यास राजांच्या स्मशानाच्या शेतांत पुरलें होतें असें शास्त्र म्हणतें. इतक्या वर्षांनंतर त्याच्या अस्थि हलवाव्या लागल्या तेव्हां कोणी तरी त्या टाकून न देतां आदरानें ठेवल्या व त्यांवर त्याची ‘राजा’ ही पदवी कोरली. दोष लिहून ठेवणारे लोक निर्दय नव्हते.

अहाबाकडे वळूं. हा राजा लहानसहान नव्हता. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर ह्याच्या शिलालेखांत, ख्रि. पू. ८५३ त कर्कर येथें झालेल्या लढाईंत अहाबानें २,००० रथ व १०,००० पायदळ आणलें होतें असें नमूद आहे. ती शिला लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यानें हस्तिदंती घर बांधल्याचा उल्लेख राजांच्या पुस्तकांत आहे, आणि शोमरोन येथील उत्खननांत हस्तिदंताचे कोरीव तुकडे पुष्कळ निघाले. असा हा राजा इज्रेल येथें एका शेजाऱ्याचा द्राक्षमळा मिळेना म्हणून पलंगावर पडून, तोंड फिरवून, जेवावयाचा नाहीं! नाबोथानें वडिलोपार्जित वतन विकावयाचें नाकारलें होतें, आणि जमीन कुळांतून जाऊं नये असा इस्राएलाचा नियमच होता. आपल्या महाराष्ट्रांत वतनाच्या तुकड्यासाठीं भाऊ भावाशीं कसा भांडतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस नाबोथाचें ‘नाहीं’ चांगलें समजेल.

पुढचा खून सर्वांस ठाऊक आहे. ईजबेलीनें पत्रें लिहिलीं, राजाचा शिक्का मारला, दोन नीच साक्षीदार उभे केले, आणि नाबोथास धोंडमार करून ठार केलें. पाप ईजबेलीचें म्हणून अहाबास मोकळें सोडणारे कांहीं उपदेशक आम्हीं ऐकले आहेत. बायकोवर सर्व ढकलण्याची ही चाल एदेन बागेइतकी जुनी आहे. अंगठी अहाबाची होती. ती कशासाठीं मागितली हें त्यानें विचारलें नाहीं, कारण उत्तर ऐकावयाचें नव्हतें. परंतु आमचें लक्ष दरवेळीं जातें तें इज्रेलच्या त्या वडील मंडळीकडे. त्यांच्या नांवें पत्र आलें, त्यांनीं तें वाचलें, आणि त्यांत लिहिलेलें सर्व तंतोतंत केलें. नाबोथ त्यांच्या गांवचा. त्याचा बाप त्यांनीं पाहिला असेल, त्याच्या मळ्यांतलीं द्राक्षें खाल्लीं असतील. एकानेंहि ‘‘हें आमच्यानें होणार नाहीं’’ असें उलट उत्तर लिहिल्याचा उल्लेख नाहीं. राजाची आज्ञा त्यांनीं पाळली. त्यांच्याइतके आज्ञाधारक लोक त्या अध्यायांत दुसरे नाहींत.

विद्यार्थ्यांनीं ह्या ठिकाणीं थांबावें. तुम्हांस घरीं, शाळेंत, रविवारच्या वर्गांत आज्ञाधारक व्हा असें रोज सांगण्यांत येतें, आम्हीहि सांगतों. पण ज्या शास्त्राच्या आधारें तें सांगतों, त्या शास्त्रांत शौलाच्या पहारेकऱ्यांचीहि गोष्ट आहे. नोब येथील याजकांनीं दाविदास भाकर दिली म्हणून त्यांस ठार करा, असें शौलानें आपल्या शिपायांस सांगितलें. शिपाई हलले नाहींत. राजा समोर उभा, हातांत शस्त्रें, आणि एकानेंहि हात उगारला नाहीं. शेवटीं दवेग नांवाच्या परक्या अदोमी मनुष्यानें पुढें होऊन ८५ याजकांचा वध केला. त्या शिपायांचीं नांवें शास्त्रांत नाहींत. राजे अवज्ञाकारी ठरले ते देवाची आज्ञा मोडून. आणि हे शिपाई राजाची आज्ञा मोडून देवाच्या आज्ञेंत राहिले. तेव्हां ह्या राजांच्या कथा मुलांस केवळ धाक घालण्यासाठीं वापरणाऱ्या वडिलांनीं सांभाळून असावें. मोठ्या माणसाचा शब्द आणि देवाचा शब्द एकच, असें ह्या पुस्तकांत कोठेंहि शिकविलेलें नाहीं. राजा हाच तर त्यांतला सर्वांत मोठा माणूस होता.

दाविदाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्याची कथा सर्वांस तोंडपाठ आहे. उरीयाचा घात हा शौलाच्या मेंढरांहून शतपट मोठा अपराध. परंतु नाथान येऊन बोलला तेव्हां दाविदानें लोकांचें नांव घेतलें नाहीं, यज्ञाचें घेतलें नाहीं, वडिलांपुढें मान राखावयास सांगितलें नाहीं. एवढाच दोघांतला फरक, आणि तो पुरेसा आहे. ५५ वर्षें राज्य करून देशाचें वाटोळें करणारा मनश्शे, तोहि अखेर बंदींत असतां नम्र झाला व देवानें त्याचें ऐकलें असें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे.

आतां शेवटचे दोन राजे. योशीयाच्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षीं मंदिरांत नियमशास्त्राचें पुस्तक सांपडलें, शाफान चिटणिसानें तें राजापुढें वाचलें, आणि राजानें ऐकतांच आपलीं वस्त्रें फाडलीं. पुढें योशीयाचा पुत्र यहोयाकीम गादीवर आला. मजुरांस वेतन न देतां त्यानें आपला प्रशस्त वाडा बांधविला, म्हणून यिर्मया त्यास कठोर बोलला होता. त्याच्या ५ व्या वर्षीं, ९ व्या महिन्यांत, म्हणजे ख्रि. पू. ६०४ च्या हिवाळ्यांत, उपासाच्या दिवशीं बारूखानें यिर्मयाची गुंडाळी मंदिरांत लोकांस वाचून दाखविली. ज्या खोलींत वाचली ती शाफानाच्याच मुलाची, गमऱ्याची. त्याच सुमारास नबुखद्नेस्सराचें सैन्य समुद्रकांठीं अश्कलोनापर्यंत आलें होतें, असें १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या बाबेलच्या बखरीवरून अभ्यासक समजतात. अशा वेळीं राजा हिवाळी महालांत शेगडीपुढें बसला होता. तीनचार स्तंभ वाचून झाले कीं चाकूनें तेवढा भाग कापावयाचा व विस्तवांत टाकावयाचा, असें करीत करीत सर्व गुंडाळी जळाली. गमऱ्या व आणखी दोघे, जाळूं नये म्हणून विनवीत होते. राजानें व त्याच्या सेवकांनीं वस्त्रें फाडलीं नाहींत, असें शास्त्र मुद्दाम सांगतें. बाप आठवावा म्हणून.

बापानें ज्या शब्दापुढें वस्त्र फाडलें, त्याच शब्दाला मुलानें चाकू लावला. ह्या दोन प्रसंगांत अठराच वर्षांचें अंतर आहे. धर्मशील घरांत वाढल्यानें धर्म आपोआप अंगीं येतो असें समजणाऱ्या आम्हां लोकांस हा हिशेब विचारांत पाडणारा आहे. आम्ही पवित्र शास्त्र जाळीत नाहीं. तें सुंदर कापडांत गुंडाळून फडताळांत ठेवतों. परंतु कापून वाचणें आम्हांसहि येतें. स्तोत्रें ठेवतों, आमोस टाकतों. पौलाच्या पत्रांतील सांत्वन ठेवतों, याकोबाच्या पत्रांत मजुरांच्या वेतनाविषयीं आहे तें पान उलटतों.

यिर्मयानें ती गुंडाळी बारूखाकडून पुन्हां लिहविली, व पूर्वींहून अधिक मजकूर घातला. आणि गमऱ्याचें काय झालें? १९८२ सालीं यरुशलेमाच्या जुन्या दाविदनगराच्या उत्खननांत मातीच्या ५१ मोहरा मिळाल्या. त्यांतल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या ह्याचें नांव आहे. त्या मोहरा ज्या कागदांस लावल्या होत्या ते ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास शहर जळालें तेव्हां राख झाले. ओली माती मात्र त्याच आगींत भाजून टणक झाली व टिकली.

तें शहर जळालें तो राजा सिद्कीया. ह्याच्याविषयीं आम्हांस राग येत नाहीं, वाईट वाटतें. त्यास खरें काय तें समजत होतें. तो यिर्मयास गुपचूप बोलावून विचारी, आणि मग आपल्याच सरदारांस भिऊन तसें न करी. वेढा पडला तेव्हां त्यानें लोकांकडून करार करवून दासदासींस मोकळें सोडविलें. मिसराची फौज येते म्हणून खास्दी थोडे दूर गेले, तोंच त्याच लोकांनीं त्याच दासांस पुन्हां धरून आणलें. ताप असतां नवस आणि ताप उतरतांच विसर! सरदारांनीं यिर्मयास मारावयास मागितलें तेव्हां राजा म्हणाला कीं तुमच्यापुढें माझें कांहीं चालत नाहीं. शेवटच्या भेटींत, शरण जा म्हणजे शहर वांचेल, असें संदेष्ट्यानें सांगितलें. राजाची अडचण काय? शत्रूकडे आधींच गेलेले यहूदी आपली थट्टा करतील. आणि आपलें बोलणें झालें हें सरदारांस कळूं देऊं नको, असें त्यानें यिर्मयास बजावलें. सोबत्यांच्या हंसण्याला भिऊन बरोबर उत्तर गिळणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो. त्यानें यिर्मयाचा ३८ वा अध्याय एकांतांत वाचावा.

त्याच अध्यायांत राजाच्या वाड्यांतला एक चाकर येतो. एबद-मलेख त्याचें नांव; तो कूशी, म्हणजे परदेशी व काळ्या वर्णाचा. सरदारांनीं यिर्मयास चिखलानें भरलेल्या हौदांत सोडलें हें ऐकून तो भर वेशींत राजाकडे गेला, सर्वांदेखत बोलला, परवानगी घेतली आणि माणसें घेऊन निघाला. जातांना वाड्याच्या कोठारांतून त्यानें जुन्या चिंध्या व फाटकीं वस्त्रें बरोबर घेतलीं आणि तीं दोरांनीं खालीं सोडलीं. दोर काखेंत रुतूं नयेत म्हणून ह्या चिंध्या मध्यें घाल, असें त्यानें वरून यिर्मयास सांगितलें. मग त्यास हळूहळू वर ओढून काढलें.